सुंठ आणि दोन घोंगड्या

मी अक्काच्या तळपायांना सुंठ चोळत होते तेव्हा तिने माझ्या तोंडावर लाथ मारली. ओठ फाटला, तोंडात रक्ताची चव आली, तरी मी पाय सोडला नाही, कारण आईने सोडू नको म्हणून सांगितलं होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण सरोजा. कारखान्याच्या मैदानाच्या कडेला एक पत्र्याची शेड होती, तिथल्या जमखान्यावर ती पडली होती, हनुवटीपर्यंत दोन घोंगड्यांत गुंडाळलेली. बाहेर एप्रिलचं अकराचं ऊन, वर तापलेला पत्रा. ती बरळत होती. चिंचेच्या झाडावर कोण चढलंय त्याला खाली उतरवा, असं सारखं म्हणत होती, आणि त्या मैदानावर चिंचेचं झाडच नव्हतं. मधेच शुद्धीवर आल्यासारखी तिने मला ओळखलं आणि म्हणाली, "तुळसे, पाणी दे गं. एक घोट."

मी आईकडे पाहिलं. आई तिच्या उशाशी बसून तिची कानशिलं दाबत होती. तिने नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, "सन्नी झालीय तिला. आत्ता पाणी पोटात गेलं तर हातची जाईल." बाळंतिणीला वात होऊन ती बरळू लागली की आमच्याकडे त्याला सन्नी म्हणत. शब्द कानडी, पण त्याची भीती आमच्या मराठी घरातही तेवढीच. पाण्याचं मडकं माझ्या उजव्या हाताशी होतं, वर पितळी पेला उपडा घातलेला. मी पाणी दिलं नाही. पुन्हा सुंठीची चिमूट घेतली आणि दुसरा पाय धरला.

हे सगळं कसं झालं ते सांगायचं तर आधी आईचा धंदा सांगायला हवा. आई बाळंतिणींचं करायची. सुईण नव्हे, बाळ जन्मल्यावर तिसऱ्या दिवसापासून हिचं काम सुरू. बाईला आणि बाळाला तेल लावणं, कढत पाण्याने न्हाऊ घालणं, धुरी देणं, पोट बांधणं. कानडी मुलखातल्या मोठ्या शहरात, कॉटनपेठेच्या मागच्या गल्लीत आम्ही एका वठारात राहायचो. वठार म्हणजे मधे अंगण, दोन बाजूंना खोल्यांची रांग, सगळ्यांत मिळून एक नळ. आमच्या खोलीला कायम सुंठ, ओवा, बाळंतशोपा आणि तुपात तळलेल्या डिंकाचा वास असायचा. शाळेत पोरी मला हुंगून बाळंतीण म्हणायच्या. ती शाळा मराठी होती आणि चौथीला संपायची, माझं शिक्षणही तिथेच संपलं. घरात आम्ही मराठीच बोलायचो, पण पुण्याकडचं कोणी आलं की ते हसायचे, कारण आमच्या दर दोन वाक्यांत थोडंसाठी एक स्वल्प आणि बरंसाठी एक सरी. अजून येतात. मी ते काढायचा प्रयत्न कधी केला नाही, इथे लिहिताना मात्र आवरते आहे.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते दारातच शिवणयंत्र मांडून बसायचे, शाळेचे गणवेश आणि दुकानदारांच्या बंड्या शिवायचे. पहाटे आईच्या खलबत्त्याचा आवाज, मग यंत्राचा, आणि त्या दोन्हींवर अक्काचा. एका दमात "कबड्डी कबड्डी कबड्डी" म्हणत ती अंगणाच्या या टोकापासून त्या टोकाला जायची, परत यायची, पुन्हा जायची. शेजारच्या बायका नळावर रांगेत उभ्या राहून तिच्या फेऱ्या मोजायच्या. दम तुटला की म्हणायच्या, "सरोजा, आज काय खाल्लं नाहीस का गं?" ती हात वर करून हसायची, कारण बोलायला दम उरलेला नसायचा. मला तिचा राग यायचा. ती उठली की मला झोप नाही, आणि घरातल्या दुधातलं जास्त दूध तिला. तेव्हा मी चौदा वर्षांची होते, ती एकोणीस.

आईचे नियम वठारातल्या प्रत्येक बाईला पाठ होते. बाळंतिणीला गार वारा लागू द्यायचा नाही. डोकं उघडं नको. पाणी उकळून, कोमट करून आणि मोजून. घाम आला तर पुसायचा, वारा घालायचा नाही. बरळायला लागली तर दारं लावून घ्यायची, जाड पांघरूण घालायचं, तळपायांना सुंठ चोळायची आणि घाम फुटेपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही. आईने अशा दोन-तीन बायका वाचवल्या होत्या, निदान तिला तसं वाटत होतं. त्या आपोआप वाचल्या असतील. आता डॉक्टर बाळंतिणीलाही भरपूर पाणी पाजतात, म्हणजे आई तिथेही चुकतच होती. पण बाळंतीण अंधाऱ्या खोलीत पडून असते, ती असल्या चुकीतूनही निभावते.

अक्का ज्या कारखान्याच्या मैदानावर खेळायची तो सरकारी होता, यंत्रं बनवणारा. त्यांनी बायकांची कबड्डीची टीम काढली होती आणि बाहेरच्या मुलींनाही सरावाला घेत. टीममध्ये नाव पक्कं झालं की पॅकिंग खात्यात कायमची नोकरी. शिकवायला बसप्पा मास्तर म्हणून एक लष्करातून सुटलेले गृहस्थ होते. ते कधी ओरडत नसत, शिट्टी वाजवत आणि बोट दाखवत. मुलींचे घोटे मुरगळत, गुडघे सुजत, मांड्यांत गोळे येत, पण दवाखान्यातला कंपाउंडर पुरुष, त्याला कोणी पाय दाखवायला तयार नसे. एक मुलगी कमरेचं दुखणं लपवून महिनाभर लंगडत होती. मास्तरांनी विचारलं, कोणाच्या ओळखीत मालीश करणारी बाई आहे का. अक्काने आईचं नाव सांगितलं. तेव्हापासून आठवड्यातून तीन सकाळी आई मैदानावर, आणि तेलाची बरणी उचलायला मी.

आईच्या हाताबद्दल मी खोटं लिहिणार नाही. तिच्या हातात गुण होता. घोटा दाबून ती सांगायची हा मुरगळलाय की हाड गेलंय, आणि हाड गेलं असेल तर हात लावायची नाही, सरळ इस्पितळात पाठवायची. जुन्या धोतराच्या पट्ट्या काढून त्या टाचेखालून आणि पायावरून फुलीसारख्या अशा बांधायची की मुलगी दुसऱ्या दिवशी चालायची. बांधून झालं की बोटांची नखं दाबून बघायची, रंग परत येतो की नाही. पोटरीत गोळा आला की चोळत बसायची नाही, पायाची बोटं वर धरून ठेवायची, गोळा सुटायचा. आज आमच्या घरामागच्या मैदानावर पोरं फुटबॉल शिकतात, तिथला ट्रॅकसूट घातलेला मुलगा हेच करतो, फक्त त्याच्याकडे चिकटणारी पट्टी असते. मुली आईला डॉक्टरम्मा म्हणायच्या. पहिल्यांदा थट्टेने म्हणाल्या, नंतर तेच नाव पडलं. आईला ते फार आवडायचं. तिने त्या मैदानासाठी वेगळं लुगडं ठेवलं होतं.

पाण्याच्या बाबतीत मास्तरांचा नियम असा, की पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत कोणी प्यायचं नाही. पोट जड होतं, कुशीत कळ येते, आणि माणूस लाडावतो. ते लष्करातून शिकून आले होते. आईला हा नियम ऐकून बरं वाटलं. तापलेल्या अंगात पाणी घातलं की वात होतो हे तिचं आधीपासूनचं मत. दोघांनी एकमेकांना कारण कधी विचारलं नाही. लष्करवाला आणि बाळंतिणींची बाई एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर मुलींना ती खरीच वाटली, मलाही वाटली. दमून आलेल्या मुलीने मडक्याकडे हात नेला की मीच तिच्या हातावर चापट मारायची. मला त्यात मजा यायची.

त्या वर्षी आनेकलहून अक्काला एक स्थळ आलं. बिजवर, किराण्याचं दुकान, पहिल्या बायकोची दोन मुलं. माणूस वाईट नव्हता, पण अक्काने ऐकल्यावर दोन दिवस अण्णांशी बोलणं टाकलं. अण्णा भिडस्त. त्यांनी तिला सांगितलं, नोकरी लागली तर मी त्यांना नाही म्हणू शकतो, पोरगी कमावती आहे म्हणून सांगता येईल. नाही लागली तर मला बोलायला तोंड नाही. आनेकलच्या लोकांना महिन्याचा वायदा केला. त्या महिन्यातच कारखान्या-कारखान्यांच्या स्पर्धा होत्या, आणि त्यात वजनाची अट होती. अक्का दीड किलो जास्त भरत होती. दुसरी जास्त भरणारी रत्ना.

रत्ना होसकोट्याची. अंधार असतानाच बस धरून यायची, येताना फडक्यात नाचणीच्या उकडीचे चार गोळे, मुद्दे, बांधून आणायची आणि मैदानावर पोचायच्या आधी दोन संपवायची. अंगाने दांडगी, तोंडाने त्याहून. ती कानडीच बोलायची, मी इथे मराठीत लिहिते. अक्काला ती मराठा राणी म्हणायची, कारण अक्का पडली की आधी परकरावरची माती झटकायची आणि मग उठायची. दोघींचं भांडण पण रोजचं आणि एकमेकींशिवाय चालायचंही नाही. चढाई करणारी अक्का, आणि पाय धरून पाडणारी रत्ना. मास्तर म्हणायचे, या दोघी वजनात बसल्या तर बाकीच्या पाच जणी कोणीही चालतील.

वजन बघायला काटा हवा. कारखान्याच्या दवाखान्यातला मोडलेला होता. अण्णांच्या ओळखीचा एक तोलणारा यशवंतपूरच्या बाजारात होता, तिथे पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर दोघींना एका सकाळी नेलं. मीही गेले. अक्का लाजून काट्यावर चढेना. एका हमालाने अण्णांना विचारलं, "टेलरअण्णा, ह्या गुळाच्या ढेपा कुठल्या गाडीत चढवायच्या?" अण्णा ओशाळले. रत्ना काट्यावर उभी राहूनच म्हणाली, "तुझ्या बापाच्या पाठीवर चढव, बघू उठतो का." सगळा बाजार हसला. अक्काही हसली. मग तोलणाऱ्याने वजन सांगितलं आणि तिचं हसू गेलं. काहीच उतरलं नव्हतं. सोमवारी अधिकृत वजन होतं, आणि तो दिवस गुरुवार होता.

मास्तरांनी उपाय सांगितला. उन्हात पळायचं, अंगात गरम कपडे आणि वरून रेनकोटसारखं काहीतरी, म्हणजे पाणी निथळून वजन उतरतं. मुष्टियुद्धवाले करतात म्हणाले. अण्णांनी त्याच संध्याकाळी रेनकोटचं कापड आणलं. काळं, आतून रबराचा थर असलेलं. त्यातून त्यांनी दोन अंगरखे शिवले, एक अक्काचा आणि उरलेल्या कापडातून एक रत्नाचा, कारण ते पोरींमध्ये फरक करणारे नव्हते. गळ्याला आणि मनगटाला इलास्टिक घातलं. वारा जाता कामा नये असं मास्तरांनी बजावलं होतं, तर त्यांनी शिवणीवर दुहेरी टीप मारली. रबरी कापडावर सुई अडकत होती. ते तोंडाने च्यक्‌च्यक्‌ करत, तेलाचा बोळा सुईला लावत काम करत बसले. अक्का घालून दाखवायला आली तेव्हा त्यांनी बोट घालून गळा तपासला आणि म्हणाले, "सरी. बोट जात नाही."

ते तीन दिवस अक्का जवळजवळ उपाशी होती. शेजारी कुणाच्या तरी घरी होळगी, म्हणजे पुरणपोळी, चालली होती, पुरणाचा वास सगळ्या अंगणात. त्यांनी आमच्याकडे दोन पाठवल्या. अक्काने एक तुकडा तोंडात घातला, चावला आणि मोरीत जाऊन थुंकला. मग चिंचेचं बोटूक तोंडात धरून थुंकत बसली, कारण थुंकीनेही वजन उतरतं असं कोणीतरी सांगितलं होतं. तिचे ओठ सोललेले होते. शुक्रवारी रात्री आईने तिला अर्धी वाटी होळगीचं सार प्यायला दिलं, तेवढंच. माझ्या वाटणीची होळगी मी तिच्यासमोर बसून खाल्ली. सांगायचं ठरवलंय तर हेही सांगते.

शनिवारी सकाळी नऊला पळणं सुरू झालं. मास्तरांनी पंचवीस फेऱ्या सांगितल्या. बाकीच्या मुली सावलीत डाव खेळत होत्या, ह्या दोघीच उन्हात, स्वेटरवर काळे अंगरखे घालून. पहिल्या दहा फेऱ्या रत्ना बडबडत होती. जाताना शेडजवळ आली की आईला ओरडून सांगायची, अम्मा, तुमच्या पोरीला म्हणावं हळू पळ, माझी लाज जाते. पंधराव्या फेरीनंतर बडबड बंद झाली. अंगरख्याच्या मनगटातून घाम धारेने खाली पडत होता आणि मास्तर तो बघून मान डोलावत होते. अठराव्या की एकोणिसाव्या फेरीला अक्का रेघ सोडून भलतीकडेच वळली. सरळ कंपाउंडच्या भिंतीकडे गेली, भिंतीला खांदा लागला, आणि ती हसली. मास्तरांना थट्टा वाटली, त्यांनी शिट्टी वाजवली. ती शिट्टीच्या विरुद्ध दिशेला चालू लागली, पाय वेगवेगळीकडे पडत होते, आणि तोंडावरच पडली.

आई पळत गेली. मी बरणी टाकून मागोमाग. आईने अंगरखा ओढून काढला, तो आतून पखालीसारखा ओला होता. अक्काच्या अंगाला हात लावला तर चटका बसत होता. तेवढ्यात मैदानाच्या दुसऱ्या टोकाला रत्नाही बसली. बसल्या जागी ओकली, आणि कपड्यांतच तिला शौचाला झालं. मुलींनी नाकाला पदर लावले. सगळे जण अक्काला उचलून शेडमध्ये नेत होते, तिकडे कोणी बघितलं नाही. दोन मुलींना तिची लाज वाटली म्हणून त्या तिला बखोटीला धरून ओढत टाकीकडे घेऊन गेल्या, धुवायला. मैदानावर पाणी मारण्यासाठी सिमेंटची टाकी होती, विहिरीच्या पंपाने भरायची. एवढंच मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं.

शेडमध्ये आईने टॉवेलने अक्काचं अंग खडखडीत पुसलं. पहारेकऱ्याच्या खाटेवरच्या दोन्ही घोंगड्या मागवल्या. ती घाबरलेली नव्हती, हे मला आठवतं. तिचे हात नेहमीच्या कामासारखे चालले होते. ताप आत उतरलाय, घाम काढला की बाहेर येईल, असं ती आम्हाला समजावून सांगत होती. अक्का बरळायला लागली तेव्हा तर आईला खूणच पटली. सन्नी. पिशवीत सुंठ होतीच. मास्तरांनी कारखान्याच्या गाडीसाठी माणूस पाठवला होता, पण गाडी कुठे बाहेर गेली होती. ते शेडच्या दारात उकिडवे बसले होते, टोपी हातात. थोड्या वेळाने म्हणाले, "अम्मा, हिला टाकीजवळ नेऊ या का? स्वल्प पाणी मारून बघू. आमच्याकडे शिपाई उन्हात पडला की मारायचे."

आईने वर बघितलं नाही. "मास्तर, तुमचं शिपायांचं तुम्हाला ठाऊक. ही माझी पोर आहे."

आई होती ती, तिच्यापुढे ते काय बोलणार. मी आजही त्यांना दोष द्यायला बसले की त्या एका वाक्याशी अडते. उन्हात पळायला त्यांनीच लावलं, पाणी त्यांनीच तोडलं, पण शेवटी बरोबर गोष्ट तोंडातून काढली तीही त्यांनीच. घोंगडी आईची, सुंठ माझी, अंगरखा अण्णांचा. त्यात अक्काचं वाईट चिंतणारं कोणी नव्हतं.

तिने माझ्या तोंडावर लाथ मारली ती तेव्हाची. त्यानंतर तिने आणखी दोनदा पाणी मागितलं, मग मागायची थांबली. मग तिला झटके आले. गाडी आली तेव्हा तिला तशीच घोंगड्यांसकट आत ठेवली. इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने आधी घोंगड्या फेकल्या, मग कपडे कापले, आणि शिपायाला समोरच्या सरबतवाल्याकडे बर्फाची लादी आणायला पळवलं. आईने एका घोंगडीचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं, सोडेना. म्हणत होती, "अहो, गार लागेल तिला." डॉक्टरीण कानडीत म्हणाली, "अम्मा, हात काढा," आणि मग स्वतःच आईची बोटं एकेक करून सोडवली. बर्फ आला, काखेत, मानेला, मांड्यांत लावला. पंखे लावले. उशीर झाला होता. नंतर तिने मास्तरांना बाजूला घेऊन इंग्रजीत काहीतरी बराच वेळ सांगितलं. मास्तर भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. आम्हाला त्यांनी ते कधी सांगितलं नाही. अक्का चार वाजता गेली.

अण्णा तेरा दिवस यंत्रावर बसले नाहीत. नंतर बसले, पण रेनकोटचं कापड पुन्हा घेतलं नाही, आणि आनेकलच्या लोकांना स्वतः जाऊन सांगून आले. आई नजर लागली म्हणायची. कधी म्हणायची, वठारातल्या अमक्या बाईने फेऱ्या मोजल्या. कधी म्हणायची, गाडी लवकर आली म्हणून घाम फुटायला वेळच मिळाला नाही, अजून अर्धा तास माझ्या हाताखाली असती तर वाचली असती. हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि लोक मान हलवायचे. मीही हलवायची.

मी पुढे त्याच मैदानावर नोकरीला लागले, मुलींच्या खोलीची झाडलोट आणि पाणी भरायला, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. मास्तर गेल्यानंतर टीमला डॉक्टर मिळाली, एक बुटकी चिडखोर बाई. तिने मला विचारलं, बाई, तुम्ही सरावाच्या मधे सगळ्यांना पाणी पाजत का फिरता, तुम्हाला कोणी सांगितलंय. मी तिला हे सगळं सांगितलं. तिने मला नीट समजावलं. उन्हात पळणारं माणूस भलतंसलतं बोलायला लागलं आणि अंग भट्टीसारखं तापलं, की त्याला आधी थंड करायचं आणि मगच कुठे हलवायचं. कपडे काढायचे, गळ्यापर्यंत पाण्यात बुडवायचं, बर्फ असेल तर बर्फाच्या, आणि डोकं धरून ठेवायचं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, पण अंगाला पाणी हवंच. अर्ध्या तासाच्या आत. आता घरामागच्या मैदानावर निळा प्लॅस्टिकचा टब ठेवलेला असतो, पोरं त्यात बर्फ टाकून बसतात आणि एकमेकांचे फोटो काढतात. मी कट्ट्यावरून बघते. टब रिकामा दिसला तर त्या ट्रॅकसूटवाल्याला हाक मारून भरायला लावते. तो म्हणतो, आज्जी, आज कुठे ऊन आहे. मी म्हणते, भर.

पण मला हे कळायच्या फार आधी ते आईला कळलं होतं. चौदाव्या दिवशी रत्ना घरी आली. बरोबर तिचा भाऊ होता, तो अंगणातच थांबला. ती उतरलेली दिसत होती, डोळे आत गेलेले. चार दिवस काळी लघवी होत होती म्हणाली, आता साफ आहे. दारात बसली आणि रडायला लागली, आईने तिला रडू दिलं. मग आईने विचारलं, तुला त्या दिवशी कुठे ठेवलं होतं. आईला खरंच माहीत नव्हतं. त्या दिवसाचं अक्काखेरीज तिला काहीच दिसलं नव्हतं.

"टाकीत, अम्मा."

"टाकीत म्हणजे?"

पोरींनी नंतर सांगितलेलं रत्ना खाली बघून सांगायला लागली. कपडे घाण झाले होते. पोरींनी ते काढून धुवायला घेतले, दुसरे नव्हते, म्हणून तिला टाकीतच बसवलं, नुसतं डोकं वर. बुडू नये म्हणून एकीने काठावरून तिची वेणी धरली होती आणि ती मुलगी सगळा वेळ मान वळवून शेडकडे बघत होती.

"किती वेळ?"

"ठाऊक नाही. मला आधीचं काही आठवत नाही. जाग आली तेव्हा दात वाजत होते. कपडे वाळेपर्यंत होते."

"पाणी प्यायलीस?"

रत्नाला वाटलं आई रागावते आहे. ती घाईघाईने म्हणाली, "शुद्धीवर आल्यावर, अम्मा. टाकीतलंच प्यायले, खूप प्यायले. कोणी बघत नव्हतं. तुम्ही सगळे सरोजाकडे होता."

आई उठून तिच्याजवळ गेली. तिच्या कपाळाला हात लावला, मग मानेला, मग पोटाला, बाळंतिणीला तपासायची तसा. बराच वेळ हात तिथेच होता. अण्णांनी यंत्र थांबवलं.

"मी तुझ्याकडे आले असते," आई म्हणाली, "तर तू मेली असतीस."

रत्नाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत होते. आईने त्यानंतर कोणाला सांगितलं नाही की अजून अर्धा तास हवा होता. बाळंतिणींचं कामही सोडलं, बोलवायला आलेल्यांना माझे हात दुखतात म्हणून सांगायची. मैदानावरच्या त्या लुगड्याची तिने पायपुसणी केली.

त्या दिवशी उन्हात दोघी पडल्या होत्या. रत्ना वाचली.